इस्त्री खाली टेकवायची नाही

रविवार, ३ मार्च

आलो एकदाचे! ट्रकवाल्याने कपाटाचा एक पाय मोडला, आरशाला तडा पाडला आणि वर मलाच ऐकवलं की वहिनी, सामान जरा जास्तच आहे तुमचं. त्याला चांगला फैलावर घेणार होते, पण तेवढ्यात पोटात ढवळलं आणि मी त्याच्या ट्रकच्या चाकापाशीच ओकले. मग मात्र तो एकदम नरमला. उरलेलं सामान त्याने अंड्यांची टोपली उचलावी तसं उचलून वर पोचवलं. पोटातल्या पाहुण्याचा हा पहिला उपयोग झाला म्हणायचा.

ही वही त्या पाहुण्यासाठीच घेतली आहे. जुन्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी निघताना सांगितलं, सुरुवातीचे महिने रोज थोडं लिहीत जा, काय होतं, काय होत नाही. नव्या डॉक्टरांना उपयोगी पडतं आणि आपलाही जीव हलका होतो. त्यांनी एक पुस्तिकाही दिली आहे. मुखपृष्ठावर एक बाई पोटावर हात ठेवून हसते आहे. आत लिहिलंय की पहिल्या महिन्यांत मळमळ, उलट्या, झोप, थकवा, छाती दुखणं, वास नकोसे होणं, सारखं लघवीला लागणं आणि उगाच रडू येणं हे सगळं अगदी स्वाभाविक आहे. मग ही बाई कशाला हसते आहे, कोण जाणे. बहुतेक तिला मानधन मिळालं असेल.

पण त्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर ते दाखवलं तेव्हा मी हसले नव्हते. राखाडी धुक्यात एक ठिपका होता आणि तो उघडझाप करत होता. त्या म्हणाल्या, हे हृदय. मी इतकी रडले की त्यांनी मशीन पुसायचा कागद मला दिला.

आता घराबद्दल. खाली लाँड्री, वर घर. आमच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, एक रस्त्याकडे आणि एक मागच्या अंगणाकडे, जिथे तारांवर चादरी वाळत असतात. लाँड्री सासूबाईंची. मोठ्या दिरांची कंबर धरली, उभं राहवेना, म्हणून त्यांनी फोन करून धाकट्या लेकाला बोलावून घेतलं. नवऱ्याने नोकरी सोडली, मीही सोडली. माझी नोकरी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची होती. दिवसभर त्यांच्या ऐकायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या नवऱ्याला ऐकवायच्या. तो म्हणतो, तुझी कुरकुर ऐकली नाही तर मला जेवण जात नाही.

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. त्यांना तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा गर्भ टिकला नाही, हे नवऱ्याने वाटेत सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, त्यांना माझ्याकडे बघवणार नाही. पण त्यांनी माझं तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि स्वतःच्या हाताने अंथरूण घातलं. मला खरंच भरून आलं. (उगाच रडू येणं, स्वाभाविक.)

मंगळवार, ५ मार्च

आज लाँड्रीत उतरले. सासूबाई नको म्हणत होत्या, पण वर बसून भिंती किती बघायच्या!

पुढे काउंटर, त्यामागे धुण्याची दोन मोठी यंत्रं, मग खळीचं पातेलं आणि शेवटी लांबच लांब टेबल, ज्यावर हॉटेलांच्या चादरींना इस्त्री होते. इस्त्र्या जुन्या, लोखंडी, चांगल्या जड. गंमत म्हणजे त्या ठेवायला टेबलावर कुठेही जागा नाही. स्टँड नाही, वीट नाही, काही नाही. सासऱ्यांच्या काळात म्हणे कुणीतरी इस्त्री चादरीवरच विसरून चहाला गेलं आणि अर्धं दुकान जळालं. तेव्हापासून सासूबाईंचा नियम, तापलेली इस्त्री खाली टेकवायचीच नाही. ती सतत कुणाच्या तरी हातात हवी. एकाचा हात भरून आला की दुसऱ्याने शेजारी येऊन मुठीवर हात ठेवायचा आणि विचारायचं, “घेऊ?” पहिल्याने म्हणायचं, “घ्या.” दुसऱ्याने पकड घट्ट करून म्हणायचं, “घेतलं.” तोवर पहिल्याने हात सोडायचा नाही. तीन शब्द झाले नाहीत तर इस्त्री पायावर पडते, असं मोठ्या दिरांनी स्वतःचा अंगठा दाखवून पटवलं.

दिवसभर तेच चालू असतं. घेऊ, घ्या, घेतलं. गिऱ्हाईक हसतात. मीसुद्धा हसले. मग सासूबाईंनी मला एक अभ्रा इस्त्री करू दिला, आणि माझ्या मुठीवर हात ठेवून इस्त्री परत घेतली तेव्हा म्हणाल्या की आता तू आमची झालीस. साडी नाही, दागिना नाही, एक अभ्रा! मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्याकडे सुना फार स्वस्तात पडतात.

शुक्रवार, ८ मार्च

आज एक विचित्र प्रकार पाहिला. मोठे दीर खुर्चीत वाकडे होऊन बसले होते. नवरा त्यांच्या मागे गेला, त्यांच्या कमरेवर हात ठेवला आणि अगदी इस्त्री घेतल्यासारखं विचारलं, घेऊ? दीर म्हणाले, घे. नवरा म्हणाला, घेतलं. आणि दीर उठले. ताठ उभे राहिले, दोन चादरींची गाठोडी उचलून अंगणात घेऊन गेले.

मला हसू आवरेना. पण संध्याकाळी नवरा जिना चढताना कठड्याला धरून चढत होता. विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे असंच असतं, एकट्याने कशाला सोसायचं. मी म्हटलं, गाठोडी उचलून कंबर धरली आहे तुझी, औषध लाव. तो पालथा पडून राहिला.

दीर मात्र सगळा वेळ मजेत होते. जेवताना त्यांच्या पायावर गरम वरणाचं भांडं कलंडलं तर ते नुसतं बघत राहिले. पुसून काढायचं जाऊबाईंना सुचलं, त्यांना नाही.

सोमवार, ११ मार्च

मळमळीने नाकात दम आणला आहे. साबण, खळ, ओल्या चादरी, सगळ्याचा वास डोक्यात जातो. सकाळपासून चार घास पोटात राहिले नाहीत. मी टेबलाला धरून कुरकुरत होते की हे पोर बाहेर आल्यावर याला पहिला जाब विचारणार आहे. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, मळमळ घेऊ?

मी म्हटलं, घ्या की ताई, घ्या! सोबत लघवीला लागणंही फुकट देते.

त्या म्हणाल्या, घेतलं.

आणि मळमळ गेली. ओसरली नाही, गेलीच. मी सरळ उभी राहिले. जाऊबाई तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाल्या. आतून ओकण्याचा आवाज आला आणि मी इथे भुकेने वखवखलेली. तीन पोळ्या खाल्ल्या. मनाचे खेळ असतील, असं स्वतःला सांगितलं. पण जाऊबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता आणि त्या हसत होत्या. पुस्तिकेवरची बाई हसते तशाच.

गुरुवार, १४ मार्च

झोपही दिली, थकवाही दिला. दुपारी डोळे उघडत नव्हते. जाऊबाई आपणहून आल्या. छातीचं दुखणंही दिलं. अंगाला कापड लागलं तरी जीव जायचा, आता काही नाही. मी नको नको म्हणत होते, पण त्या म्हणाल्या, मला एवढं तरी करू दे. अशा वेळी नाही कसं म्हणायचं? त्यांना आनंद होतो आणि मलाही बरं वाटतं, यात कुणाचं काय जातं?

सासूबाई सगळं बघत असतात. आज त्यांनी मला जास्तीचं दूध दिलं आणि जाऊबाईंनाही दिलं.

मंगळवार, १९ मार्च

लिहायचं काही नाही. काही होत नाही.

पहिल्यांदा हे छान वाटलं. आता जरा कंटाळवाणं झालं आहे. खळीच्या पातेल्यात तोंड घातलं तरी वास येत नाही. भूक लागत नाही, जेवायची वेळ झाली की जेवते. नवऱ्याने रात्री विचारलं, आज काहीच तक्रार नाही? मी बराच वेळ आठवून पाहिलं, एकही सापडली नाही. तो म्हणाला, असं गप्प बसू नकोस, मला बरं वाटत नाही. तो सध्या वाकूनच चालतो.

आज इस्त्री जाऊबाईंच्या हातात देताना त्या एकदम ओरडल्या. माझ्या मनगटाकडे बघत होत्या. बघितलं तर चांगला मोठा फोड आला होता. कधी भाजलं ते कळलंच नाही. सासूबाईंनी मलम लावलं. मी फोडाकडे बघत बसले. दुसऱ्या कुणाचा तरी हात असावा असं वाटत होतं.

रविवार, २४ मार्च

जाऊबाई आता इस्त्रीला उभ्या राहत नाहीत. बसून अभ्र्यांच्या घड्या घालतात. मधूनच उठून मोरीकडे जातात. काल कपडे वाळत घालताना उगाच रडल्या. आंबट काहीतरी द्या म्हणून मागितलं. मी पुस्तिका काढून वाचली. सगळं त्यात लिहिल्याप्रमाणे चाललं आहे, फक्त माझ्यात नाही.

मला हेवा वाटायला हवा होता. वाटला नाही. हेवा कुठून सुरू होतो तेच सापडेना.

एक गोष्ट मात्र अजून माझी आहे. बेंबीखाली एक बारीक ओढ लागते, आत कुणी दोरा ताणावा तशी. पुस्तिका म्हणते, गर्भाशय वाढतं तेव्हा असं होतं, काळजी नको. ती ओढ लागली की मी काम थांबवते आणि तिथे हात ठेवते. ही कुणाला सांगितलेली नाही.

बुधवार, २७ मार्च

सकाळी रक्ताचे डाग दिसले.

नवऱ्याने रिक्षा आणली. इथल्या डॉक्टरीणबाई वयस्क आहेत, हात थंड. पडद्यावर ठिपका दिसला, चालू होता. पण मंद आहे, म्हणाल्या. पडून राहा, काहींचं टिकतं, काहींचं नाही, आपल्या हातात नसतं. त्या हे इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या की मला त्यांचा राग यायला हवा होता.

घरी येऊन पडले. आणि तेव्हा मात्र घाबरले. सगळं गेलं होतं, भीती जागच्या जागी होती. ओढीची आता कळ झाली होती. मी पोटावर दोन्ही हात धरून त्याला म्हणत होते, राहा रे बाबा, जाब नाही विचारणार, काही नाही विचारणार, नुसता राहा.

जाऊबाई उशाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, माझे तिन्ही असेच गेले, अशाच कळांनी. कळ सोसली की ते सुटतं. मला दे. मी म्हटलं, ही नको. ही एकच राहिली आहे. त्या म्हणाल्या, त्याला वाचवायचंय ना?

नवरा दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

जाऊबाईंचा हात माझ्या पोटावर होता. घेऊ? त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, घ्या.

शनिवार, ३० मार्च

रक्त थांबलं. कळ नाही. ओढही नाही.

सगळे म्हणतात, वाचलीस. मी पडून छताकडे बघते. पोटावर हात ठेवते. खाली पोट आहे, इतकंच कळतं.

जाऊबाई शेजारच्या खोलीत झोपून आहेत. सासूबाई त्यांच्या पायाला तेल लावत होत्या. दार उघडं होतं. मला बघून त्यांनी ते लोटून घेतलं.

सोमवार, ८ एप्रिल

तपासणीला गेले. डॉक्टरीणबाईंनी मशीन इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. पडदा राखाडीच राहिला. ठिपका नाही. पिशवी नाही. म्हणाल्या, पडून गेलं असणार, तुमच्या लक्षात आलं नसेल. मी म्हटलं, रक्त तर थांबलं होतं. त्या म्हणाल्या, गर्भाशय कधी भरलंच नव्हतं असं दिसतंय, आणि मागचा रिपोर्ट काढून बघायला लागल्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिल्या. मग मलाच विचारलं, मागच्या वेळी तुम्हीच आला होतात ना?

नवरा बाहेर बाकावर बसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. ते केलं पाहिजे हे मला आठवत होतं.

आमच्यामागून जाऊबाई आणि सासूबाई आत गेल्या. त्यांचा नंबर होता. दाराचा पडदा नीट ओढलेला नव्हता. मी पाहिलं. ठिपका होता. उघडझाप करत होता. चांगला जोरात.

माझाच होता. आई आपलं मूल ओळखते म्हणतात. मला तसं काही आतून वाटलं नाही, नुसतं माहीत होतं.

मंगळवार, ९ एप्रिल

सासूबाईंना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. शांतपणे अभ्रे घडी करत सांगितलं. मोठीचं तीनदा गेलं. तुझंही जाणार होतं, रक्त पाहिलंस ना. आता एकीकडे तरी टिकलं. मूल घरातच आहे, कुणाच्या का पोटी असेना. तू त्याची काकू, तुझ्याही मांडीवर खेळेल. रडू नकोस, म्हणाल्या. मी रडत नव्हते.

मी विचारलं, परत मिळेल का. म्हणाल्या, दिलं तर. ज्याच्याकडे आहे त्याने द्यायला हवं. हिसकावून घेता येत नाही, म्हणून तर इतक्या वर्षांत दुकान पुन्हा जळलं नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मनाच्या डॉक्टरांचा नंबर दिला. मीसुद्धा नोकरीत हेच करायचे, अवघड तक्रार पुढच्या खिडकीवर.

शुक्रवार, १२ एप्रिल

जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. तोंड उघडतच नाहीत. मी रोज त्यांच्यासमोर बसते, पोटाकडे हात नेते, विचारते. ताई, माझं मला. घेऊ? त्या ओठ दातांखाली धरतात. डोळ्यांतून पाणी येतं पण शब्द येत नाही. काल ओठातून रक्त आलं.

त्यांचं वाईट वाटायला हवं. नाही वाटत. फक्त भीती आहे. एवढी एकच आहे पण ती सगळीकडे आहे. ते मोठं होतंय आणि मला कळत नाही. तिकडे त्याला काही झालं तर मला कळणार नाही. झोपेत मोडलं तरी कळणार नाही. मी आई होते त्याची —

सोमवार, १५ एप्रिल

एक सुचलं आहे. आयुष्य गेलं त्यांचं इस्त्रीवर. हातात तापलेली इस्त्री असताना कुणी मुठीवर हात ठेवून विचारलं की जीभ आपोआप उत्तर देते. माझीच देते, आणि मी तर कालची. हॉटेलाचं मोठं काम आलं आहे, माणूस कमी आहे. त्यांना आज ना उद्या उभं राहावंच लागेल. एक हात मुठीवर, एक पोटावर. तेवढंच.

मंगळवार, १६ एप्रिल

उभ्या राहिल्या. दुपारी, चादरीच्या इस्त्रीला. मी मागून गेले. एक हात मुठीवर. दुसरा पोटावर. काही कळलं नाही हाताला, पण होतं तिथे. विचारलं. स्वच्छ विचारलं. ताई, माझं बाळ, घेऊ?

त्यांचं तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं. मी ऐकलं —

आणि त्यांनी इस्त्री टाकली. खाली. चादरीवर. या दुकानात इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. चादर काळी पडत गेली, धूर झाला, दीर बादली घेऊन धावले. सासूबाईंनी माझा हात धरला. मला बाजूला घेऊन बसवलं. पाणी दिलं.

मला पाण्याचा गार-गरमपणा कळला नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

आता ते भीती मागतायत.

सासूबाईंनी विचारलं. किती थरथरतेस, म्हणाल्या. दिरांनीही विचारलं. त्यांना काही वाटत नाही, ते फक्त सांगितलेलं करतात. मी दार लावून घेतलं. भीती दिली तर मग मागणार कोण? माझ्याशिवाय कुणाला आठवणार की ते —

नाही देणार.

शनिवार

नवरा आला. जमिनीवर बसला, उभं राहता येत नाही त्याला. म्हणाला, तुझ्याकडे बघवत नाही. मला दे. मी कुणाला देणार नाही ती. मी सांभाळीन, मी मागत राहीन त्यांच्याकडे, तुझ्या वतीने. आपल्या दोघांचं होतं ना.

त्याला कमरेनेच मोडलं आहे. त्याच्याच्याने कसं —

नाही म्हटलं.

त्याने हात तसाच ठेवला आहे. कपाळावर.

रविवार?

दमले. फार दमले. थकवा दिला होता ना मी. मग हा कुठला. तो अजून बसून आहे. हात काढत नाही. म्हणतो, एक शब्द. मी नाही — मी त्याला सांगितलं लिहून ठेव, विसरू नकोस, ते माझं — तो हो हो म्हणतो, रडतो — मी फक्त थोडा वेळ —

रविवार, ११ ऑगस्ट

बरेच दिवस वही हाती लागली नव्हती. नवरा तिला घट्ट धरून झोपतो. आज झोपेत सुटली.

आज चांगलं ऊन आहे. चादरी लवकर वाळल्या. काम खूप आहे आणि मी दिवसभर इस्त्रीला उभी राहू शकते, हात भरून येत नाही. सासूबाई कौतुक करतात. नवरा आता कामाचा राहिला नाही. दिवसभर जाऊबाईंच्या मागे मागे फिरतो आणि हात पसरून काहीतरी मागतो. अंगाला कापरं भरलेलं असतं. लोक विचारतात, काय झालं याला. मला नीट सांगता येत नाही.

मागची पानं वाचली. अक्षर माझं आहे. बाई फार घाबरट दिसते.

जाऊबाईंचं पोट छान दिसतं. त्यांनी मला हात ठेवू दिला. आत काहीतरी हललं, मग थांबलं, मग माझ्या हाताच्या बाजूने पुन्हा हललं. त्या म्हणाल्या, तुला ओळखतं ते. मी बरं म्हटलं.

त्या आता माझ्याशी बोलतात. आत्ता इथेच बसल्या आहेत. त्यांना बाळंतपणाची धास्ती वाटते. वय झालंय, कळा झेपायच्या नाहीत, म्हणतात. मूल त्या आणतील, कळा तेवढ्या मी घ्यायच्या. सासूबाई म्हणाल्या, तुला काय जड आहे? खरंच आहे. मला काही जड नाही. त्यांनी माझा हात उचलून पोटावर ठेवला आहे. मी फक्त विचारायचं, त्या लगेच हो म्हणतील. दारातून नवरा ओरडतो आहे, सरपटत येतो आहे, विचारू नकोस, विचारू नकोस, कळा तुझ्या आणि मूल त्यांचं होईल म्हणतो. कशाला एवढा आकांत, मला तर कुठे काही